दुखण्याच्या दिवशी खुराडे कोण उघडणार?



आजवर या सदरातून आपण काटकसरीचा स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, बचतगटाचा हिशेब अशा गोष्टींवर बोलत आलो. आज विषय थोडा वेगळा आहे. जिच्या अंगात एखादा आजार कायमचा मुक्कामाला आला आहे, अशा बाईने घरात कोणते काम करावे, किती करावे आणि मन कशात रमवावे, याबद्दल लिहिणार आहे. हा विषय सुचला तो डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या बाकड्यावर.

रक्त तपासायला गेले होते. शेजारी तळासरीकडच्या एका पाड्यावरची वारली ताई बसली होती. सोबत तेरा-चौदा वर्षांची मुलगी. मुलीचे डोळे पिवळसर, अंग सडपातळ, गुडघा ओढणीने बांधलेला. माझ्या हातातले कार्ड पाहून ताई म्हणाली, "बाई, तुम्हालाही सिकल?" मी मान हलवली. मग ती जरा सरकून बसली आणि तिने मनातले विचारले, "पोरीनं सात कोंबड्या पाळल्यात. सासू म्हणते, विकून टाक. दुखायला लागलं की हिला दोन-दोन दिवस उठवत नाही, मग कोंबड्यांचं कोण करणार? विकायचं नाव काढलं की पोर रडते. ठेवू का विकू?"

तेवढ्यात तिचा नंबर पुकारला. माझे रक्त देऊन मी बाहेर आले तोवर ती एस.टी. गाठायला निघून गेली होती. तिला द्यायचे राहिलेले उत्तर आज इथे लिहिते आहे. कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. सिकलसेल असो, संधिवात असो, दमा असो की मधुमेह असो, "हिच्याने होत नाही" हे वाक्य आपल्या कितीतरी घरांत ऐकू येते.

आजाराचे नाव माहीत हवे

माझे माहेर विदर्भातले. लहानपणी हातपाय दुखून मी रात्र रात्र रडत असे. घरात त्याला वात म्हणत. कोणी म्हणे, पोर कामचुकार आहे, शेतात जायची वेळ झाली की हिचे पाय दुखतात. लग्न होऊन डहाणूला आले आणि पहिल्या बाळंतपणाच्या वेळी रक्त तपासले, तेव्हा कळले की हा वात नाही आणि कामचुकारपणाही नाही. हा सिकलसेल आहे.

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात. बारीकशा रक्तवाहिनीतूनही त्या वळून-वाकून पार होतात. सिकलसेलच्या रुग्णाच्या पेशी मात्र प्राणवायू कमी पडला की कडक होतात आणि विळ्यासारख्या वाकतात. मग त्या वाहिनीत अडकतात. जिथे अडकतात तिथे रक्त पोचत नाही, आणि हाडांत, पाठीत, छातीत कळा सुरू होतात. चांगली पेशी सुमारे १२० दिवस जगते, विळ्याच्या आकाराची पेशी १० ते २० दिवसांतच मोडते. म्हणून अंगात रक्त कमी, डोळे पिवळे आणि थकवा कायमचा. अंगात पाणी कमी पडले, थंडी वाजली, ताप आला, शक्तीबाहेर कष्ट झाले की कळा येतात.

अमेरिकेतील शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० साली या पेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. आपल्या देशात १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातील आदिवासींमध्ये हा आजार असल्याचे दिसून आले. पुढे कळले की महाराष्ट्रात गडचिरोली, नंदुरबार, पालघरच्या आदिवासींत आणि विदर्भातल्या आपल्या बौद्ध समाजातही तो बराच आहे. मग काही लोक म्हणू लागले, "यांनाच का?" या "यांनाच का" मध्ये जुना विटाळ लपलेला असतो, तो आपण ओळखतो.

त्याचे उत्तर शास्त्राने दिले आहे. ज्या मुलाला आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच हा गुण मिळतो, त्याला वाहक म्हणतात. वाहकाला सहसा त्रास नसतो, उलट जीवघेण्या हिवतापापासून त्याचे बरेच रक्षण होते, असे अँथनी अॅलिसन या संशोधकाने १९५४ साली दाखवून दिले. म्हणजे जिथे पिढ्यान्पिढ्या हिवताप होता तिथे हा गुण टिकला. आफ्रिकेत टिकला, अरबस्तानात टिकला, ग्रीस आणि इटलीतही टिकला. तेव्हा हा जातीचा दोष नव्हे, मागच्या जन्मीचे पाप नव्हे आणि देवीचा कोपही नव्हे. आपल्या पूर्वजांनी हिवतापाच्या मुलखात तग धरला, त्याची ही खूण आहे. माझ्या घरापासून खूप दूरवर जन्मलेली मी आणि ती वारली मुलगी, आम्हा दोघींच्या रक्तात ती सारखीच आहे.

भगताचा कोंबडा

आमच्या भागात पोर कळांनी तळमळू लागले की अजूनही काही घरांत आधी भगताला बोलावतात. भगत तांदळाचे दाणे पाहतो आणि कोंबडा मागतो. आपल्या वस्तीत भगत येत नसेल, पण अंगारा आणि गंडा-दोरा येतोच. कोणाला नावे ठेवण्यात अर्थ नाही. चार दिवसांनी कळा आपोआप ओसरतात, कारण या आजाराची रीतच तशी आहे. श्रेय मात्र कोंबड्याला मिळते. पुन्हा कळा आल्या की पुन्हा कोंबडा. अशा रीतीने आजारी पोराच्या घरातले अंडे जाते, कोंबडी जाते आणि दवाखान्यात जायची वेळही जाते.

म्हणून पहिली गोष्ट सांगते. कोंबडी अंगणात ठेवा, अंडे पोराच्या ताटात ठेवा आणि पोराला दवाखान्यात न्या. सिकलसेलवर आता हायड्रॉक्सीयुरिया नावाची गोळी आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती नियमित घेतली आणि वेळच्या वेळी रक्त तपासले, तर कळांचे दिवस कमी होतात. मूल होऊ द्यायचा विचार असेल किंवा दिवस गेले असतील, तर ही गोष्ट डॉक्टरांना लगेच सांगावी. सोबत फॉलिक अॅसिडची गोळी देतात. लोहाच्या गोळ्या मात्र "रक्त कमी आहे" म्हणून मनानेच घेऊ नयेत, या आजारात त्या प्रत्येकाला लागत नाहीत. ताप चढला, छातीत दुखून धाप लागली, लहान मुलाचे पोट डाव्या बाजूला एकाएकी फुगले किंवा हातपाय लुळे पडले, तर घरी थांबू नये. मग रात्र असो की पाऊस.

कोंबड्याच का?

आमच्याकडे बायकांना काम असते ते भातलावणीचे, वीटभट्टीचे, चिकूच्या वाडीतले, नाहीतर बंदरावर मासळी वाळवण्याचे. कोणी वापी-उमरगावच्या कारखान्यात जाते. ही सगळी कामे पूर्ण दिवस मागतात. उन्हात किंवा पाण्यात उभे राहायला लावतात. सिकलसेलच्या बाईने चिखलात दिवसभर ओणवे राहून लावणी केली, तर चार दिवसांची मजुरी औषधाला जाते आणि आठ दिवस अंथरुणात. पण घरी बसले की "बसून खाते" हे बोल ऐकावे लागतात. कधी ते दुसऱ्यांकडून येतात, कधी आपल्याच मनातून. दुसरे जास्त टोचतात.

कोंबडीचे काम निराळे आहे. सकाळी खुराडे उघडायचे, मूठभर कणी टाकायची, पाणी बदलायचे. दिवसभर ती स्वतःच चरते. सांजेला ती स्वतःच परत येते, आपण मोजून दार लावायचे. सगळे मिळून अर्धा-पाऊण तासाचे काम, तेही दोन तुकड्यांत. मध्ये विश्रांती घेता येते. जड उचलावे लागत नाही. आणि अंडे हातात आले की वाटते, आज घरात माझेही काही आले.

गावठी कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ६० अंडी देते. पाच कोंबड्यांची अडीचशे-तीनशे झाली. एका अंड्यात पाच-सहा ग्रॅम उत्तम प्रथिने असतात. निम्मी अंडी पोरांनी खाल्ली आणि निम्मी विकली, तरी मीठ-मिरचीला आणि दवाखान्याच्या एस.टी. भाड्याला कोणापुढे हात पसरावा लागत नाही. हैदराबादेत तयार केलेली वनराजा आणि बंगळूरची गिरिराज या जाती गावठीपेक्षा जास्त अंडी देतात, पण त्या सहसा खुडूक बसत नाहीत. पहिल्यांदा पाळणाऱ्या बाईने चार-पाच गावठी तलंगा आणि एक कोंबडा एवढ्यावरच सुरुवात करावी. हाव धरू नये.

पाळायची रीत

खुराडे घराबाहेर, जमिनीपासून दोन फूट उंच, चार खांबांवर करावे. मुंगूस आणि रानमांजर येतात, म्हणून जाळी घट्ट हवी. छप्पर पत्र्याचे नको, उन्हात ते तापते. ताडाच्या झावळ्या किंवा गवत घालावे. तळाला भाताचे तूस आणि चुलीची राख पसरावी आणि ओली झाली की बदलावी. पावसाळ्यात ओल राहिली तर पिल्लांना रक्ती हगवण लागते. बाजूला राखेचा खड्डा ठेवावा, त्यात कोंबड्या लोळतात आणि अंगावरच्या उवा कमी होतात.

खाद्य विकत आणायची गरज थोडीच. कणी, कोंडा, नाचणी, भाजीचा पाला, सुकटीचा चुरा चालतो. आपल्याला समुद्र जवळ आहे, तेव्हा किनाऱ्यावरच्या शिंपल्या धुऊन, वाळवून, कुटून ठेवाव्यात, त्याने अंड्याचे कवच पक्के होते. पिल्लांसाठी जुन्या बायका एक युक्ती करतात. मडक्यात शेण आणि पेंढा भरून, ओलसर करून ते वाळवीच्या जागी उपडे ठेवायचे. दुसऱ्या दिवशी उचलले की वाळवी भरलेली. पिल्ले तुटून पडतात.

कोंबडी खुडूक बसली की तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवावीत. अंडी आठवड्यापेक्षा जुनी नकोत. सातव्या रात्री अंधारात अंड्यामागे विजेरी धरून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक तांबड्या रेषा दिसल्या तर अंडे फळले. नुसते स्वच्छ दिसले तर काढून टाकावे. एकविसाव्या दिवशी पिल्ले निघतात. पहिले काही आठवडे त्यांना आईसह डालग्याखाली झाकावे, घार आणि कावळा टपलेलेच असतात.

कोंबड्यांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोग. तो आला की पाडाच्या पाडा रिकामा होतो. त्यावर लस आहे. पिल्लू पाच-सात दिवसांचे झाले की लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात टाकतात आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचणी देतात. पण लसीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांची असते, ती थंड ठेवावी लागते आणि फोडली की लगेच संपवावी लागते. एकटीच्या पाच कोंबड्यांसाठी ती परवडत नाही. म्हणून वस्तीतल्या बायकांनी ठरवून, पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगून, एकाच सकाळी सगळ्यांच्या कोंबड्या टोचून घ्याव्यात. बचतगट आहे तो कशासाठी?

एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर त्यांना हात लावू नये, खाऊ नये, ओढ्यात टाकू नये. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा त्या भागातल्या कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. तशी वेळ लपवाछपवीने वाढते.

आजारी माणसाने पाळायचे पथ्य

आता सर्वांत महत्त्वाचे. हे मला खूप उशिरा कळले. कोंबडीच्या विष्ठेत साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. कोंबडी धडधाकट दिसते, तरी असतात. निरोगी माणसाला त्याने जुलाब होऊन तो बरा होतो. पण सिकलसेलच्या रुग्णाची प्लीहा लहानपणापासूनच दुबळी होत जाते, त्यामुळे जंतू रक्तात शिरतात आणि हाडात घर करतात. हाड सडते. वरून ते नेहमीच्याच कळांसारखे वाटते, म्हणून दुर्लक्ष होते. यासाठी काही नियम काटेकोर पाळावेत.

एक, खुराड्याची विष्ठा आजारी माणसाने काढू नये. ते काम घरातल्या निरोगी मोठ्या माणसाचे, तेही तोंडाला फडके बांधून. दोन, कोंबडी, अंडी किंवा खाद्य-पाण्याची भांडी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. राखेने नव्हे, साबणाने. तीन, रात्री कोंबड्या झोपायच्या खोलीत किंवा चुलीपाशी झाकायची आपली जुनी सवय मोडावी. चार, दुधात कच्चे अंडे फेटून "ताकदीसाठी" देतात, ते सिकलसेलच्या मुलाला कदापि देऊ नये. अंडे पिवळा बलक घट्ट होईपर्यंत शिजवावे. पाच, पाच वर्षांखालच्या मुलांना पिल्ले छातीशी धरू देऊ नयेत. सहा, कोंबड्या पाळणाऱ्या घरात सिकलसेलच्या माणसाला ताप आणि एकाच जागी हाडदुखी आली, तर डॉक्टरांना "आमच्याकडे कोंबड्या आहेत" हे आवर्जून सांगावे.

एवढे पाळले तर भिण्याचे कारण नाही. न पाळता पाळायच्या असतील, तर मात्र त्या सासूबाई म्हणतात तेच खरे, विकून टाकाव्यात.

बसल्या जागचे छंद

कोंबड्यांसोबत बसल्या जागची कामेही हवीत, कारण अंथरुणातले दिवस फार लांब असतात. मी गोधडी शिवते. पायाने चालवायच्या यंत्रावर माझे पाय भरून येतात, म्हणून हाताने धावदोरा घालते. दिवसाला दोन ओळी झाल्या तरी पुरे. ही गोधडी नुसती हौस नाही. २०१८ च्या नोव्हेंबरपासून आमच्या डहाणू-तळासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडीच्या आसपासची माणसे भर थंडीत घराबाहेर, तंबूत झोपत होती. सिकलसेलच्या माणसाला थंडी म्हणजे कळांना आमंत्रण. त्या हिवाळ्यात चांगल्या जाड गोधडीची किंमत मला कळली.

शेजारच्या वारली बाया गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढतात. लग्नाचा चौक लिहिणे हे मुळात बायकांचेच काम. डहाणूच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ती कला कागदावर, कापडावर नेली, जगभर पोचवली, आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एका शेजारणीकडून मी बांबूच्या काडीने रेघ ओढायला शिकले. दोन त्रिकोण जोडले की माणूस होतो. माझी चित्रे कोणी विकत घेणार नाही, पण कळा ओसरत असताना मन त्यात गुंतते. कोंबडखत चांगले कुजवून, निरोगी माणसाच्या हातून अळूला आणि मिरचीला घातले की परसही हिरवे राहते.

मात्र एक ध्यानात ठेवावे. छंद हा छंद राहिला पाहिजे. "घरीच असतेस ना, मग चार गोधड्या आणि पन्नास कोंबड्या कर" असे कोणी म्हणू लागले, तर लावणीचा चिखल घरात आला असे समजावे. अंग दुखायच्या आधी उठावे, थकायच्या आधी बसावे आणि पाण्याचा तांब्या हाताशी ठेवावा. दिवसाला दहा-बारा पेले पाणी पोटात गेले पाहिजे.

दोन कोंबड्या मेल्या त्याची गोष्ट

आता जे सांगायला संकोच वाटतो ते सांगते. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एका लग्नाला गेले होते. दिवसभर उन्हात, पाणी कमी प्यायले. रात्रीच कळा सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी मी अंथरुणात तळमळत होते. मालक कामावर गेले. मुलगा क्रिकेट खेळायला गेला. मुलीने स्वयंपाक केला, मला गोळ्या दिल्या, माझे पाय शेकले. खुराडे कोणीच उघडले नाही. तेव्हा छप्पर पत्र्याचे होते. दुपारी मुलीच्या लक्षात आले तोवर दोन कोंबड्या गुदमरून मेल्या होत्या.

मला वाटले, माझ्या आजाराने त्या मारल्या. रात्री मालकांनी विचारले, "मला का नाही सांगितलंस?" मी म्हटले, "तुम्हाला दिसत नव्हत्या का?" ते गप्प झाले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "दिसत होत्या. पण त्या तुझ्या, असंच वाटायचं."

भगिनींनो, सगळे दुखणे या एका वाक्यात आहे. अंडी घराची, पण कोंबड्या तिच्या. भाकरी घराची, पण चूल तिची. मग ती पडली की चूल बंद आणि खुराडेही बंद. आणि ती जागा भरायला धावते ती घरातली मुलगी, शाळा बुडवून. आपण समतेच्या गोष्टी करतो, जयंतीच्या मिरवणुकीत घोषणा देतो. त्या समतेची परीक्षा घरात, दुखण्याच्या दिवशी होते.

त्यानंतर आम्ही दाराशी एक पाटी टांगली. त्यावर लिहिले आहे, सकाळी खुराडे कोण उघडणार, पाणी कोण भरणार, भात कोण लावणार, औषधाची वेळ कोण पाहणार. माझा चांगला दिवस असेल तर माझे नाव. वाईट दिवस असेल तर मालकांचे किंवा मुलाचे. मुलीचे नाव परीक्षेच्या दिवसांत लिहायचे नाही, असा नियम. मुलगा सुरुवातीला कुरकुरला. आता तो विजेरी धरून अंडी तपासतो आणि मलाच शिकवतो. छप्परही त्यानेच झावळ्यांचे केले.

लग्न जमवताना

हा आजार आईबापांकडून येतो, म्हणून शेवटचे थोडे लग्नाबद्दल. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारांत एक असते. हे दर वेळी नव्याने असते. पहिले आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली, असे नव्हे. म्हणून पत्रिका जुळवण्याऐवजी रक्ताचे अहवाल जुळवावेत. आपण पत्रिका तशाही सोडल्या आहेत. अहवाल पाहून मुलीला नाकारायचे असे नव्हे. दोघांनीही आपली तपासणी करावी आणि जाणून निर्णय घ्यावा. दोघे वाहक असून लग्न झालेच असेल, तर दिवस जाताच डॉक्टरांना सांगावे, म्हणजे गर्भाची तपासणी करता येते.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करून २०४७ पर्यंत हा आजार संपवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. पाड्यावर, शाळेत शिबिर आले तर लपू नका, मुलांना घेऊन जा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला आहे, तेव्हा दिव्यांग प्रमाणपत्राबद्दल रुग्णालयात चौकशी करा. ही भीक नाही, हक्क आहे.

आता त्या ताईला उत्तर. ताई, कोंबड्या विकू नकोस. सातच्या पाच कर. खुराडे घराबाहेर उंच कर, विष्ठा पोरीला काढू देऊ नकोस, साबण दाराशी ठेव. पोरीने उघडायचे, मोजायचे, हिशेब लिहायचा. अंड्यांचे पैसे तिच्या हातात दे. आणि सासूबाईंना सांग, प्रश्न कोंबड्यांचा नाहीच. पोरीला उठवणार नाही त्या सकाळी खुराडे कोण उघडणार, ते आजच ठरवून टाका. पोरीच्या बापाचेही नाव त्यात लिहा.

पुढच्या वेळी पावसाळ्याआधी चिकूच्या फोडी कशा वाळवायच्या, ते सांगेन. तोवर पाणी भरपूर प्या आणि स्वतःला जपा.